जांभळाचं सॉर्बे: साखर मोजून, मीठ-बर्फात फिरवून

जांभळाचं आइस्क्रीम आता बऱ्याच ठिकाणी मिळतं, आणि लोकांना आवडतंही, पण मला त्यातलं दूध खटकतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जरा जड होते ना, तो जो तुरटपणा आहे तोच माझ्यासाठी जांभूळ आहे, आणि दुधात तो पार विरून जातो कारण दुधातली प्रथिनं त्या तुरट द्रव्यांना चिकटून बसतात, मग उरतो फक्त रंग नि गोडवा. म्हणून सॉर्बे. फळ, साखर, थोडं पाणी, लिंबू, मीठ, बस. दूध नाही, क्रीम नाही, अंडं नाही. गेल्या सीझनला मी हे घरी अगदी पद्धतशीर करून बघितलं, मावशीकडच्या हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या जुन्या लाकडी पॉटमध्ये आणि नंतर पॉट नसताना नुसत्या फ्रीजर नि मिक्सरवर पण, आणि जे कळलं ते सगळं सविस्तर लिहितीये कारण बहुतेक रेसिपींमध्ये साखर 'चवीनुसार' लिहिलेली असते आणि सॉर्बेमध्ये नेमकं तिथंच सगळं अडतं.

आधी जांभळं. मी ठाण्याकडची, त्यामुळे आमच्याकडे बदलापूरची येतात, कधीकधी पालघरच्या बहाडोलीची पण. दोन्हींना जीआय मानांकन मिळालंय. बहाडोलीचं जांभूळ मोठं, गर भरपूर आणि बी त्या मानाने लहान. कोकण कृषी विद्यापीठाने तर 'कोकण बहाडोली' नावाची जातच दिलीये. सॉर्बेला ही मोठी जांभळं सोपी पडतात, पण चवीला मला ती लहान, गावठी, जरा जास्त तुरट असलेली पण हवी असतात, म्हणून मी दोन्ही मिसळते. घ्यायची ती पाऊस नीट लागायच्या आधी. एकदा का धो धो सुरू झाला की फळं पाणी पितात, फुटतात, तळाला चिखल लागलेली येतात आणि चव अगदी पाणचट होते. स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायका सकाळी ताजी टोपली आणतात तेव्हाच घ्यावीत, संध्याकाळपर्यंत खालची दबून रस सुटलेला असतो. जांभूळ पूर्ण काळं हवं, देठाकडे लालसर असेल तर ते नुसतं खायला चालेल पण सॉर्बेत तुरटपणा फार वर येतो.

बिया काढणं हे खरं काम. यात शॉर्टकट नाही. अख्खी जांभळं मिक्सरला लावून मग गाळा असं सांगणारे आहेत, पण बी जरा जरी तुटली तरी तिचा कडवटपणा सगळ्या गरात उतरतो आणि तो नंतर कशानेच जात नाही. मी काय करते, जांभळं धुवून पंख्याखाली पूर्ण कोरडी करते, मग मोठ्या स्टीलच्या पातेल्यात घेऊन त्यावर मोजलेली साखर (किती ते पुढे येतंय) घालते आणि तासभर झाकून ठेवते. साखर सालीतून रस ओढते. तासाभराने पातेल्याच्या तळाशी गडद रस जमलेला असतो आणि फळं जरा सैल पडलेली असतात, मग हातानं चुरायची. अंगठ्याने दाबलं की गर एका बाजूने सुटतो, पण बीला शेवटचा एक थर चिकटून राहतोच, तो दोन बोटांत बी फिरवत फिरवत ओरबाडावा लागतो. गुळगुळीत हिरवट-पांढरी बी हातात आली की समजायचं सगळा गर निघाला. जांभळट फिकट धागे दिसत असले की अजून गर आहे. हातमोजे घाला नाहीतर नखांच्या कडा चार दिवस जांभळ्या राहतात, आणि जुने कपडे घाला, तो डाग कॉटनवरून जात नाही.

एक किलो जांभळातून मला बहुतेक वेळा साखरेचं वजन सोडून सहाशे ग्रॅमच्या आसपास गाळलेला गर मिळतो. साल काढायची नाही, सगळा रंग सालीतच आहे. बिया काढलेला गर सालीसकट मिक्सरला अगदी बारीक करायचा आणि मग चाळणीतून वाटीच्या बुडानं दाबत गाळायचा. वर जो चोथा उरतो त्यात थोडं पाणी घालून परत एकदा दाबा, बराच रंग निघतो. भांडी स्टीलची किंवा काचेची. लोखंडी कढई, अॅल्युमिनियमचं पातेलं नको, जांभळाचा रंग धातूला लागला की निळा-करडा, मळका होतो. आणि शिजवायचं नाही! काहीजण गर उकळून साखरेचा पाक घालतात, टिकतं ते जास्त, मान्य, पण मग ते जांभळाच्या जॅमसारखं लागतं, ताजा वास निघून जातो. साखर गरातच विरघळते, पाक करायची गरजच पडत नाही.

आता साखर. सॉर्बे मऊ राहतं ते साखरेमुळे, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे. फ्रीजरमध्ये ठेवल्यावर आधी नुसत्या पाण्याचं बर्फ व्हायला लागतं, साखर त्या बर्फात जात नाही, ती उरलेल्या पाण्यात राहते. मग ते उरलेलं पाणी आणखी गोड होत जातं, आणि जितकं गोड तितकं ते गोठायला आणखी थंडी लागते. त्यामुळे फ्रीजरच्या उणे अठरा अंशाला पण डब्यात थोडा पाक द्रव रूपातच राहिलेला असतो आणि बर्फाचे कण त्या पाकात तरंगत असतात. चमचा आत जातो तो या पाकामुळे. साखर कमी केली की पाक कमी, बर्फ जास्त, आणि डब्यातून दगड बाहेर येतो. साखर फार झाली की उलटं, रात्रभर ठेवलं तरी ते जमत नाही, चमच्यातून ओघळतं.

हे नुसतं वाचून मला पटलं नसतं म्हणून मी मुद्दाम एकाच गराच्या चार वाट्या केल्या, एकूण साखर (फळाची स्वतःची धरून) पंधरा टक्के, वीस, अठ्ठावीस आणि पस्तीस, आणि एकाच फ्रीजरमध्ये एकाच कप्प्यात ठेवल्या, दर थोड्या वेळाने काट्याने सारख्याच ढवळल्या. सकाळी पंधरावाली वाटी ठोकून बघितली तर टणटण वाजली. वीसवालीत चमचा गेला पण कचकच बर्फाचे खडे, म्हणजे गोळ्यावाल्याकडचा किसलेला बर्फ खातोय असं. पस्तीसवाली मऊ होती पण चिकट, तोंडात थंडावा कमी नि नुसती गोडी जास्त. अठ्ठावीसवालीत चमचा ओढला की गुळगुळीत वळी निघाली. तेव्हापासून पंचवीस ते तीसच्या मध्ये ठेवायचं हे पक्कं केलं.

हे टक्के मोजायचे कसे? तर आमच्या मामांची निफाडला द्राक्षबाग आहे, आणि द्राक्षवाल्यांकडे रिफ्रॅक्टोमीटर असतोच, मण्यात गोडी किती भरली ते बघायला. मी फोन केला.

"मामा, तुमचं ते गोडी बघायचं यंत्र थोडे दिवस मिळेल का?"

"अगं जून महिन्यात मला कशाला लागतंय ते, बागेत आता मणी कुठंयत. कशाला हवंय पण?"

"जांभळाचं बघायचंय."

"जांभळाचं? बघ बघ. पण गाळून घाल हां थेंब, गर असला की रेघ धूसर दिसते. आणि वापरायच्या आधी साध्या पाण्यावर शून्य करून घे, नाहीतर सगळे आकडे चुकतील."

दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या निघाल्या. यंत्र म्हणजे हातभर पण नाही, एका टोकाला तिरकी काच, तिच्यावर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि खिडकीकडे धरून दुसऱ्या टोकातून बघायचं. आत वर निळा भाग नि खाली पांढरा, मध्ये जी रेघ येते ती ज्या आकड्यावर तो ब्रिक्स, म्हणजे साधारणपणे शंभर ग्रॅममध्ये किती ग्रॅम साखर विरघळलेली आहे ते. माझ्या जांभळांच्या नुसत्या, साखर घालायच्या आधीच्या रसाचा बारा आला. म्हणजे सहाशे ग्रॅम गरात बहात्तर ग्रॅम साखर फळाचीच आहे. त्यात दीडशे ग्रॅम साखर आणि पन्नास ग्रॅम पाणी (चोथा धुतलेलं तेच) धरलं की एकूण आठशे ग्रॅम मिश्रण, त्यात साखर दोनशे बावीस, म्हणजे पावणेअठ्ठावीस टक्के. हा हिशोब कुठल्याही फळाला लावता येतो, फक्त फळाची स्वतःची गोडी माहिती पाहिजे, आणि ती प्रत्येक टोपलीत थोडी वेगळी असते हे लक्षात ठेवा.

रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर अंड्याची जुनी युक्ती आहे, ती चालते. ताजं अंडं कवचासकट साबणाने नीट धुवून, पुसून, मिश्रणात अलगद सोडायचं. अंडं तरंगून वर साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा गोल भाग उघडा दिसला की साखर बरोबर आहे. बुडालं तर साखर घाला, फारच वर आलं तर पाणी किंवा गर. अंडं ताजंच हवं, जुनं अंडं आतली हवा वाढल्यामुळे तसंही तरंगतं. घरात अंडं चालत नसेल तर वरचा वजनाचा हिशोब धरा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा, वाटी-चमच्याच्या मापात इथं भागत नाही.

साखरेच्या जागी स्टीव्हिया वगैरे घालणार असाल तर आधीच सांगते, गोड लागेल पण दगड होईल, कारण ते चिमटीभर घालतो आपण, आणि गोठण थांबवायला विरघळलेल्या कणांची संख्या लागते. गूळ घालून बघितला, पण गुळाचा वास जांभळावर चढतो, मला नाही आवडलं. लिक्विड ग्लुकोज मात्र उपयोगी, केकचं सामान मिळतं त्या दुकानात असतं. ते साखरेपेक्षा कमी गोड आणि घट्ट, त्यामुळे तीस-चाळीस ग्रॅम साखर काढून तेवढं हे घातलं की गोडी कमी होते पण सॉर्बे चिवट-मऊ राहतं आणि बर्फाचे कण लवकर मोठे होत नाहीत. घरी आइस्क्रीम करणाऱ्या सगळ्यांकडे जीएमएस आणि सीएमसी पावडरच्या पुड्या असतात, त्यातली जीएमएस इथं काही कामाची नाही कारण ती फॅट आणि पाणी एकत्र धरायला असते आणि आपल्याकडे फॅटच नाहीये. सीएमसी चालते, ती पाणी घट्ट धरते, आठशे ग्रॅमला दीड-दोन ग्रॅम, आणि ती कोरड्या साखरेत मिसळून मगच घालायची नाहीतर जेलीसारख्या गुठळ्या होतात. मी एकदा घालून, एकदा न घालता केलं. त्याच दिवशी खायचं असेल तर अजिबात गरज नाही, आठवडाभर ठेवायचं असेल तर फरक कळतो.

मग लिंबू नि मीठ. लिंबाचा रस घातला की जे होतं ते बघायला मला फार आवडतं, गडद निळसर-जांभळा गर आहे, त्यात लिंबू पिळलं की थेंब पडला तिथून लालबुंद रेघ पसरते आणि ढवळलं की सगळं पातेलं राणी रंगाकडे झुकतं. जांभळातलं रंगद्रव्य आंबट वाढलं की लाल होतं. आठशे ग्रॅमला एका मध्यम लिंबाचा रस पुरे. मीठ साधं पाव चमचा आणि चिमूटभर काळं मीठ, ते आपल्या कागदाच्या पुडीत मीठ लावून खाल्लेल्या जांभळांची आठवण करून देतं आणि मीठ तुरटपणा पण खाली आणतं. चव बघताना लक्षात ठेवा, थंडीत जिभेला गोड-आंबट दोन्ही कमी लागतं, त्यामुळे पातेल्यातलं मिश्रण जरा जास्तच गोड, जरा जास्तच आंबट लागलं पाहिजे. खोलीच्या तापमानाला अगदी परफेक्ट लागतंय म्हणजे गोठल्यावर फिकं लागणार.

मिश्रण फ्रीजमध्ये (फ्रीजर नाही) रात्रभर ठेवलं. गार मिश्रण पॉटमध्ये घातलं की ते पटकन गोठतं, आणि पटकन गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात. सगळी धडपड याच एका गोष्टीसाठी आहे, कण बारीक ठेवायचे.

मावशी कल्याणला राहते. तिच्याकडचा पॉट म्हणजे लाकडी पट्ट्यांचा डबा, मध्ये स्टीलचं उभं भांडं, भांड्यात लाकडी पाती आणि वर हँडल. सकाळी मासळी बाजाराजवळून बर्फाची लादी आणली. हा बर्फ खायचा नसतो, महाराष्ट्रात 2018 पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, आणि आमची लादी पण निळसरच होती. त्यामुळे भांड्याचं झाकण घट्ट आहे ना हे दोनदा बघितलं, तो बर्फ किंवा ते खारं पाणी आत जाता कामा नये. लादी गोणपाटात गुंडाळून बत्त्याने फोडली. तुकडे सुपारीएवढे हवेत, मोठे राहिले की मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि भांड्याला थंडी नीट लागत नाही.

लाकडी डबा आधी अर्धा तास पाण्याने भरून ठेवायचा हे मावशीने सांगितलं, "वर्षभर माळ्यावर होता गं तो, पट्ट्या सुकल्यात, फुगू दे जरा, नाहीतर सगळं पाणी फरशीवर येईल." मग थर लावायचे, चार बोटं बर्फ, त्यावर मूठभर खडेमीठ, परत बर्फ, परत मीठ. वजनाने बर्फाच्या साधारण पाव हिस्सा मीठ. बारीक मीठ नको, ते लगेच विरघळून खाली जातं. मीठ बर्फाला वितळवतं आणि वितळताना बर्फ आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे ते खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं. मीठ तेवीस टक्क्यांच्या आसपास असेल तर उणे एकवीसपर्यंत जाऊ शकतं. आम्ही थर्मामीटर घातला तेव्हा उणे बारा दाखवलं, आणि आपलं मिश्रण उणे दोन-तीनला गोठायला सुरुवात होते म्हटल्यावर ते भरपूर झालं.

आतलं भांडं दोन तृतीयांशच भरायचं, फिरवताना हवा जाते आणि ते फुगतं. आधी हळू फिरवायचं. पहिली पाच-सात मिनिटं काहीच होत नाही, हँडल मोकळं फिरतं, आतून नुसतं डुबुक डुबुक ऐकू येतं. मग आवाज बदलतो, खरखर सुरू होते, म्हणजे भांड्याच्या भिंतीवर पातळ बर्फ धरायला लागलाय आणि पाती तो खरवडून आत ढकलतीये. इथून थांबायचं नाही आणि वेग वाढवायचा. थांबलं की भिंतीवरचा थर जाड होतो, पाती अडकते आणि ते जाड तुकडे नंतर तोंडात लागतात. डब्याच्या बाजूला वरच्या अंगाला एक भोक असतं, त्यातून खारं पाणी वाहत राहिलं पाहिजे. बर्फाचा तुकडा अडकून ते बंद झालं तर पाणी वर चढून झाकणापर्यंत येतं, त्यामुळे एकजण फिरवतोय तेव्हा दुसऱ्याने काडी घेऊन त्या भोकाकडे बघत बसायचं, हे काम लहान पोरांना द्या, ती मन लावून करतात. आम्ही पाळीपाळीने फिरवलं, मावसभाऊ, मी, मग मावशीचे यजमान. वीस-पंचवीस मिनिटांनी हँडल इतकं जड झालं की दोन हात लावून पण जेमतेम फिरत होतं. तिथं थांबायचं.

उघडायच्या आधी वरचा बर्फ हातभर बाजूला करायचा, झाकण आणि त्याची कड ओल्या फडक्याने पुसायची, मगच झाकण काढायचं, कारण कडेवरचं खारट पाणी एक चमचाभर जरी आत पडलं तरी चव गेली. आत बघितलं तर रंग बदललेला होता, पातेल्यात गडद होतं ते हवा आणि बारीक बर्फामुळे फिकट, दुधाळ म्हणावं असं गुलाबी-जांभळं झालेलं, आणि त्यात दुधाचा थेंब नाही! पातीवर चिकटलेलं मावशीने बोटाने काढून खाल्लं आणि म्हणाली, "जीभ जड होतीये की गं!" मला तेच हवं होतं. या वेळेला ते मऊ असतं, दह्याच्या चक्क्यासारखं. लगेच खाल्लं तर सगळ्यात छान. नाहीतर आधीच फ्रीजरमध्ये गार केलेल्या पसरट डब्यात भरून, वरून प्लॅस्टिकचा कागद सॉर्बेला चिकटवून, तीन-चार तास ठेवायचं.

आता पॉट नसेल तर. दोन मार्ग आहेत. एक, पसरट स्टीलच्या डब्यात मिश्रण बोटभर जाडीचं ओतायचं आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने काट्याने कडेचा बर्फ मध्ये ओढत फोडायचा, असं चार-पाच वेळा. याने जमतं, पण दाणेदार राहतं, मला ते पण आवडतं पण ते सॉर्बे नाही म्हणणार मी. दुसरा मार्ग जास्त चांगला, मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये पूर्ण गोठवायचं, मिक्सरचं भांडं पण फ्रीजरमध्ये तासभर ठेवायचं, आणि मग थोडे थोडे क्यूब घालून मिक्सरचं बटण उलट्या बाजूने थांबत थांबत फिरवायचं, सलग नाही. सलग चालवलं की आपले मिक्सर गरम होतात आणि खालचं वितळतं. आधी भुगा होतो, चमच्याने खाली ढकलायचा, मग एकदम तो एकत्र येऊन गुळगुळीत गोळा होतो, त्या क्षणी थांबायचं आणि परत फ्रीजरमध्ये टाकायचं. अठ्ठावीस टक्के साखर असेल तर हे क्यूब फार कडक नसतात, मिक्सरला त्रास होत नाही. साखर कमी असेल तर पाती जाम होते.

एक दाराचा जुना फ्रीज असेल तर त्याचा वरचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा उणे अठरापर्यंत जात नाही, तिथं हे नीट जमणार नाही. अशांनी साखर बावीस-तेवीसवर आणा, किंवा त्याच दिवशी मीठ-बर्फात करून लगेच खा. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात मीठ-बर्फ, त्यात घट्ट झाकणाचा डबा, आणि दर दहा मिनिटांनी पुसून, उघडून कडेचं खरवडायचं, हे पण चालतं, पॉटच लागतो असं नाही. खारं पाणी नंतर कुंड्यांत ओतू नका, झाडं मरतात.

दुसऱ्या फळांबद्दल थोडक्यात. हापूस सगळ्यात सोपा, त्याचा गरच इतका घट्ट की पाणी घालावं लागतं, आणि गोडी मुळातच जास्त, साखर त्यामानाने कमी लागते, लिंबू मात्र विसरू नका. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आंबट असते, तिला साखर जास्त आणि बिया गाळायच्या की नाही ही तुमची आवड, मी गाळते. कलिंगड अवघड. नुसतं पाणी आहे ते, गर नाही धरायला काही, तिथं सीएमसी किंवा लिक्विड ग्लुकोज घातल्याशिवाय बर्फच होतो. कोकमाचं करायचं तर आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं, ताजे रातांबे (कोकमाची फळं) मिळाले तर साली साखरेत मुरवून त्याचा रस घ्या, आणि तो भयंकर आंबट असल्यामुळे पाणी भरपूर. पेरूचं मीठ-तिखट घालून करते मी, त्याचा गर पण आंब्यासारखा मदत करतो.

एक गोष्ट ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांच्यासाठी. जांभूळ मधुमेहाला चांगलं असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, म्हणून हे सॉर्बे चालेल असं समजू नका. शंभर ग्रॅममध्ये अठ्ठावीस ग्रॅम साखर आहे, म्हणजे सहा-सात छोटे चमचे. आमच्याकडे वडिलांना मी त्याच जांभळांची थोडी बाजूला काढून मीठ लावून देते.

ठेवायचं असेल तर फ्रीजरच्या दारापासून लांब, मागच्या बाजूला. दर वेळी दार उघडलं की वरचा थर जरा वितळतो आणि परत गोठताना बर्फाचे कण मोठे होतात, लाइट गेली तर हेच जास्त जोरात होतं. दोन-तीन आठवड्यांत कचकच जाणवायला लागते. तसं झालं तर टाकू नका, चौकोनी तुकडे कापून परत मिक्सरमधून काढा, पुन्हा गुळगुळीत होतं. खायच्या आधी पाच-सात मिनिटं बाहेर ठेवा आणि वाट्या पण गार करून घ्या, जूनच्या दमट हवेत साध्या वाटीत वाढलं की चमचा उचलेपर्यंत कडेने रस सुटायला लागतो.